माझा नवरा झोपत नव्हता तेव्हा

मी अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलांना घरोघरी जाऊन हाताला धरून आणायचं, खिचडी शिजवायची, टोप घासायचा, बाई मीटिंगला गेल्या की मुलांना गाणी म्हणायला लावायची. लिहिणं हे माझं काम नाही. पण नाशिकच्या दवाखान्यात एकनाथला तपासणीला नेलं होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या डोंगराकडून आता असे पेशंट यायला लागलेत आणि घरच्यांना काही म्हणजे काही माहीत नसतं. तुम्ही जे पाहिलं ते लिहा." मी म्हटलं, गावात माझं नाव आधीच खराब आहे, त्यात ही भर कशाला? घरी आल्यावर वाटलं, खराब झालेल्या नावाला आणखी काय व्हायचंय! तरी भीती वाटतेच. आत्ता हे लिहायला बसले तर आधी उठून दाराला कडी घातली.

एकनाथ माझा नवरा. आमचं गाव मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या अंगाला. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण कागद समोर आला की शाळेतलीच मराठी येते. तेव्हा माझी सासू इथे पुस्तकातल्यासारखी बोलली तर समजून घ्या. ती तशी अजिबात बोलत नाही.

चांगले दिवस

सुरुवात चांगली झाली, हे आधी सांगते. कोणी सांगत नाही म्हणून आम्ही फसलो.

आमच्याकडे आता पुष्कळ जणांनी मोगरा लावलाय. कळ्या उमलायच्या आत खुडायच्या आणि बाजार उघडायच्या आत पोचवायच्या. वाटेत उमलल्या की भाव पडला. एकनाथ एका मालकाच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. कळ्या घेऊन मुंबईकडे जायचं, येताना भिवंडीकडून किराणा, पत्रे, जे मिळेल ते भरून आणायचं. हंगामात त्याला पाठ टेकायलाही वेळ मिळायचा नाही. घरी यायचा तो डोळे लाल, मान लटकलेली. मला घाटाची भीती वाटायची. एखाद्या वळणावर डोळा लागला तर?

मग एका हंगामात तो एकदम बदलला. गाडी चालवून यायचा आणि झोपायच्या ऐवजी कुदळ घेऊन शेताच्या बांधावर जायचा. सगळे बांध घातले. वर्षभराची लाकडं फोडून रचली. गोठ्याला नवीन कूड केला. सासू खूश, मी खूश. मी तर आईला फोन करून सांगितलं, आमच्या माणसाला आता संसाराची अक्कल आली बरं का. आई म्हणाली, दृष्ट काढ त्याची. मी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्याकडे दारू सगळ्यांना माहीत आहे. मोहाची दारू, ताडी. प्यायलेला माणूस लांबून कळतो. त्याच्या तोंडाला वास येतो, तो झोकांड्या खातो, बडबडतो, पडतो, झोपतो. आमच्या डोक्यात नशा म्हणजे एवढंच. एकनाथने तर दारू सोडली होती. त्याच्या तोंडाला वास नव्हता, तो पडत नव्हता, झोपत नव्हता. उलट तो सगळ्यांपेक्षा जास्त जागा होता. अशा माणसावर कोण संशय घेणार?

नेम

आमच्या गावात बोहाडा असतो. देवांचे मोठे मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचतात. कोणत्या घराने कोणतं सोंग घ्यायचं हे आधीपासून ठरलेलं असतं. आमच्या घराकडे नरसिंहाचं सोंग आहे. माझे सासरे होते तोवर ते घ्यायचे, ते गेल्यावर एकनाथकडे आलं. मुखवटा जड असतो, मानेवर घेऊन नाचायला ताकद लागते. आणि सोंग घेणाऱ्याने आधी नेम पाळायचा असतो. एक वेळ खायचं, दारू-मटण नाही, जमिनीवर झोपायचं, बायकोपासून लांब राहायचं, फार बोलायचं नाही.

त्या वर्षी एकनाथने नेम धरला आणि जेवणच सोडलं. भाकरी पुढे ठेवली की ताट सरकवायचा. गालफडं बसली. जमिनीवर अंथरूण असायचं, पण ते तसंच गुंडाळलेलं राहायचं. सारखे दात खायचा, एकमेकांवर घासल्याचा आवाज यायचा. हातावर, मानेवर खाजवून खाजवून फोड आले. मी सासूला म्हटलं, आत्या, हा एवढा वाळलाय, दवाखान्यात दाखवू या का? ती माझ्यावरच डाफरली. म्हणाली, त्याचा बा एक वेळ तरी खायचा, हा तर तेही खात नाही, देव जवळ आलाय त्याच्या, तू मध्ये तोंड घालू नकोस.

गावातले लोक यायला लागले. काय निष्ठा आहे, म्हणायचे. म्हातारी माणसं त्याच्या पाया पडायची. आजारी माणूस जेवढा जास्त आजारी दिसत गेला तेवढा त्याचा मान वाढत गेला, असं दुसरीकडे कुठे झालं असेल का मला ठाऊक नाही.

घरात मात्र मी घाबरायला लागले होते. आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं. त्याने कुडाला बोटाने भोकं पाडायला सुरुवात केली. एका भोकाला डोळा लावून उभा राहायचा, मग दुसऱ्या. बाहेर माणसं आहेत म्हणायचा. मी बाहेर जाऊन बघितलं, शेळी बांधलेली होती, बाकी कोणी नाही. मी भोकं लिंपायची, तो पुन्हा पाडायचा. एकदा मी डाळीला फोडणी देत होते तर मागे येऊन उभा राहिला आणि विचारलं, "काय घातलंस यात?" मी म्हटलं, हळद. तो माझ्याकडे बघत राहिला. आमची दीपा तेव्हा चार वर्षांची होती, तिने माझा पदर घट्ट धरला. त्या दिवसापासून मी कोयता आणि विळी भाताच्या कणगीत लपवून ठेवायला लागले.

मुखवट्यातून

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी नरसिंहाचं सोंग निघतं. ऊन चढलं होतं. एकनाथ नाचायला लागला तो थांबेचना. संबळ वाजवणारे बदलले, मशाल धरणारे बाजूला जाऊन बसले, तरी हा घुमतोय. लोक म्हणायला लागले, वारं आलं, यंदा खरं वारं आलं, देव अंगात आला. बायका पुढे होऊन प्रश्न विचारायला लागल्या. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या सुनेला मूल नाही. मी दीपाला कडेवर घेऊन कडेला उभी होते.

तो फिरत फिरत माझ्यासमोर आला आणि थांबला. मुखवट्याला डोळ्यांच्या जागी भोकं असतात, त्यातून त्याचे डोळे दिसले. त्यात ओळख नव्हती. त्याने माझ्यावर बोट रोखलं. "ही अन्नात घालते," तो म्हणाला. "हिच्या हातचं खाऊ नका."

मी अंगणवाडीत खिचडी शिजवते. गावातलं प्रत्येक लहान मूल माझ्या हातचं खातं.

संबळ थांबला. मला वाटलं कोणीतरी हसेल, म्हणेल, अरे नवरा-बायकोचं भांडण आहे, सोडा. कोणी हसलं नाही. सोनीमावशी आमच्या शेजारची. तिचा नातू पावसाळ्यात तापाने गेला होता. ती हळूहळू पुढे आली. मी अंगणवाडीत लागले तेव्हा हिनेच मला मोठ्या टोपात खिचडी करपू न देता कशी ढवळायची ते दाखवलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "माझा नातू हिच्याच हातचं खायचा." मग पाठीमागून कोणीतरी तो शब्द उच्चारला. भुताळी.

बाहेरच्या लोकांना सांगते. भुताळी म्हणजे करणी करून माणसं मारणारी बाई. हा शब्द एकदा बाईला लागला की तिला गाव सोडावं लागतं, किंवा त्याहून वाईट होतं. लहानपणी मी अशा एका बाईचं पडलेलं घर पाहिलंय. आम्ही मुलं त्याच्या जवळून पळत जायचो.

दुपारी लोक आमच्या अंगणात जमले. मी आतून कडी घातली, दीपाला पोटाशी धरून कणगीच्या मागे बसले. तेवढ्यात सासू उठली. कणगीत हात घालून तिने कोयता काढला. म्हणजे मी कुठे लपवते ते तिला माहीत होतं. मला वाटलं आता हीच. तिने कडी काढली, बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसली आणि कोयता मांडीवर ठेवला. "देव बोलला असेल," ती म्हणाली. "माझ्या दारातून आत कोणी यायचं नाही."

तिचाही विश्वास होता की मी केलं असेल. हे तिने मला नंतर स्वतः सांगितलं. तरी ती ऊन उतरेपर्यंत तिथून हलली नाही. लोक बडबडत राहिले, मग एकेक करून गेले.

दवाखान्यात

त्याच संध्याकाळी सोंग उतरवून घरी आलेल्या एकनाथने मागचा कूड तोडला. आत माणसं लपलीत म्हणून कारव्या उपटून काढत होता, हाताला रक्त लागलेलं. माझा भाऊ जव्हारला आश्रमशाळेत शिपाई आहे, त्याला मी दुपारीच फोन केला होता. तो जीप घेऊन आला. त्याच्याबरोबर आलेल्या दोघा-तिघांनी धरून एकनाथला पासोडीत गुंडाळून बांधलं आणि मागच्या सीटवर घातलं. तो ओरडत होता की मला मारायला नेतायत. सासू देवाचा अंगारा त्याच्या कपाळाला लावत होती, मी त्याचे पाय धरून बसले होते. वळणावळणाला वाटायचं, हा सुटला तर काय?

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, झोपला नाही कधीपासून? सासू म्हणाली, देवाचा नेम आहे. त्याने विचारलं, जेवण? सासू म्हणाली, नेम आहे. डॉक्टरने बॅटरी लावून त्याचं तोंड बघितलं, दात बघितले, बोटं बघितली, हातावरचे फोड बघितले. मग माझ्याकडे वळून विचारलं, काम काय करतो? मी पिकअपचं सांगितलं. त्याने मान हलवली आणि लघवी तपासायला घेतली.

थोड्या वेळाने त्याने आम्हाला बाजूला बोलावलं. म्हणाला, ही नशा आहे. मोठं इंग्रजी नाव सांगितलं, मग म्हणाला, ड्रायव्हर लोक याला बरफ म्हणतात. झोप येऊ नये म्हणून घेतात. मग झोप पूर्ण जाते, डोकं फिरतं आणि नसलेली माणसं दिसायला लागतात.

सासू चिडली. "नशा? हुंगून बघ त्याचं तोंड. वास येतो का बघ."

"आजी, याला वास नसतो," डॉक्टर म्हणाला.

मी भिंतीला टेकून खाली बसले. खरं सांगू? मला आधी आनंद झाला. मी भुताळी नाही, हे मला एका परक्या पोराच्या तोंडून कळलं. एवढ्या दिवसांत मलाच शंका यायला लागली होती की झोपेत मी काही करते का. मग राग आला. असा राग की उठून त्याला खाटेवरच बडवावं. आणि मग भीती, ती मात्र अजून गेली नाही. देव अंगात आला असता तर तो निघूनही गेला असता. हे कसं निघणार होतं?

खाटेखाली

तिथून आम्हाला नाशिकच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. दीपा आणि सासू जव्हारला भावाकडे राहिल्या. मानसिक विभाग. दाराला जाळी, दारात शिपाई. एकनाथचे हात कापडाने खाटेला बांधले, इंजेक्शन दिलं आणि तो झोपला.

आणि झोपतच राहिला. एवढे महिने हा माणूस डोळे मिटत नव्हता, आता उघडत नव्हता. मी सारखी त्याच्या नाकाखाली बोट धरायची. नर्स म्हणाली, अहो जिवंत आहे तो, झोपू द्या, उधारी चुकती करतोय. मी खाटेखाली चादर अंथरून पडायची. सकाळी फरशी पुसायला बाई यायची तेव्हा उठून बसायचं, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड, मग गोळ्या. गोळी गिळली का हे नर्स जिभेखाली बघायची. दुपारी कोणीतरी किंचाळायचं, मग सगळे गप्प. माझ्या अंगावर तेव्हा दर वेळी काटा यायचा, एकदाही सवय झाली नाही.

शेजारच्या खाटेवर एक कॉलेजात शिकणारा मुलगा होता आणि त्याची आई. नाशिकच्याच, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मला वाटलं, आम्ही जंगलातले म्हणून. नंतर एकदा डबा उघडला आणि अर्धी पोळीभाजी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांना पण तेच ना? मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा परीक्षेसाठी जागायचा. खोलीचा दिवा बंदच व्हायचा नाही. जेवायला बोलावलं तरी यायचा नाही. त्या सगळ्या नातेवाइकांना सांगायच्या, आमचा पोरगा अभ्यासात किती बुडालाय बघा.

मी त्यांना आमच्या नेमाचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि रडल्या. म्हणाल्या, आमच्याकडे मार्क आणि तुमच्याकडे देव. मग आम्ही दोघींनी मिळून तो डबा संपवला. त्या पोळीभाजीची चव मला अजून आठवते, फ्लॉवरची भाजी होती आणि तिखट कमी होतं.

एकनाथ जागा झाला तेव्हा आधी भूक भूक करत होता. मग काही दिवसांनी खिन्न झाला. भिंतीकडे तोंड करून पडायचा. एक दिवस म्हणाला, मला सगळं आठवतं. मी विचारलं, काय? म्हणाला, तुझ्यावर बोट रोखलं ते. मी मुखवट्यातून बघितलं तर तुझ्या तोंडाच्या जागी तोंडच नव्हतं. सांत्वन करायचं माझ्या मनात आलं नाही आणि मी ते केलं नाही. त्याने सांगितलं की पहिल्यांदा एका ढाब्यावर दुसऱ्या ड्रायव्हरने दिलं होतं, डोळा लागायला लागला तर घे म्हणून. त्या दिवशी तो घाट असा चढला की त्याला वाटलं, हे आधी का नाही मिळालं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, हा आजार आहे, परत येतो, आला तर लाजू नका, लगेच या. आणि एकदा आलाही. पावसाळा संपता संपता एकनाथ भिवंडीला जातो म्हणून गेला आणि फोन बंद. परत आला तेव्हा दात खात होता. मी दीपाला उचललं आणि सासूकडे दिलं, स्वतः त्याला एसटीत घालून नाशिकला नेलं. रस्ताभर माझा हात पिशवीत कोयत्याच्या मुठीवर होता. नवऱ्याशेजारी असं बसायला लागणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

गावात

आजार दवाखान्यात अर्धाच बरा होतो. बाकीचा गावात.

अंगणवाडीत मुलं यायची, पण खिचडीच्या वेळेला आया येऊन घेऊन जायच्या. मी भरलेला टोप घेऊन बसायची. दीपा एकटीच जेवायची. बाईंनी वर कळवलं, मीटिंग झाली, साहेब येऊन अंधश्रद्धेवर भाषण करून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलं घेऊन गेले. विहिरीवर मी गेले की बायका हंडे उचलायच्या. मी संध्याकाळनंतर बाहेर पडायचं बंद केलं. दगड पडला एकदा घरावर, कौल फुटलं. वांदरांनी केलं असेल म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

हे नाव माझ्यावरून काढू शकणारा एकच माणूस होता, ज्याने लावलं तो. मी एकनाथला रोज म्हणायची, चारचौघांत सांग की तो देव नव्हता. तो उठून गोठ्यात जायचा. त्याला देवाची भीती, लोकांची भीती, बापाच्या नावाची भीती. सासू म्हणायची, घरातलं सोंग जाईल. मी म्हणायची, सोंग जाईल म्हणून मी जाऊ का? आमच्यात तेव्हा फार भांडणं झाली. मी फार टोचून बोलायची. बोलले, त्याची मला लाज नाही.

पुढच्या बोहाड्याची बैठक देवळापुढे बसली, सोंगं ठरवायला. मागच्या वर्षीसारखं वारं नरसिंहाला कधी आलं नव्हतं, असं सगळ्यांचं मत. त्यामुळे एकनाथनेच घ्यायचं हे ठरलेलंच होतं. पाटील म्हणाले, एकनाथ, पुढे ये. तो उठला. मी बायकांच्या बाजूला एकटीच बसले होते, माझ्या आजूबाजूला जागा सोडलेली.

"मी घेणार नाही," तो म्हणाला. "मागच्या वर्षी देव नव्हता. मी बरफ घ्यायचो, गाडीवर. त्याच्यात बोललो. माझ्या बायकोनं काही केलेलं नाही."

एवढंच. मग तो बसला नाही, तिथून चालत घरी गेला.

मला वाटलं होतं, आता कोणीतरी माझ्याकडे बघेल. बघितलं, पण कसं! पाठीमागे एकजण म्हणाला, आता तर नवऱ्याच्या तोंडूनही बोलायला लागली. एक म्हातारा म्हणाला, देवाचा अपमान झाला, हे घर आता चालणार नाही. मुखवटा आमच्या घरातून उचलला आणि सोनीमावशीच्या घरी दिला. तिचा मुलगा सुनील तरणाबांड, भिवंडीच्या गोदामात हमाली करून हंगामापुरता गावी येतो. तो घेणार म्हटल्यावर लोकांना आनंद झाला. सासू त्या दिवशी जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत दोन मुलांच्या आया खिचडीच्या वेळी आल्या नाहीत, आणि ती मुलं दीपाशेजारी बसून जेवली. मी त्यांना परत परत वाढलं, इतकं की एकाला उलटी झाली.

सोनीमावशी

बोहाड्याला थोडे दिवस राहिले होते. मी अंगणवाडीच्या मागे टोप घासत होते. दुपारची वेळ, मुलं गेलेली. पाहिलं तर सोनीमावशी उभी. मागच्या वर्षापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी पहिलं काय केलं तर दार कुठे आहे ते बघितलं.

ती जवळ येईना आणि जाईना. मग म्हणाली, "सुनील नेम पाळतोय."

मी म्हटलं, चांगलं आहे.

"जेवत नाय. एक घाससुद्धा नाय. झोपतबी नाय." ती थांबली. "काल सगळी लाकडं फोडली. विहिरीचा कठडा लिंपला. लोक म्हणतात, देव जवळ आला." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "कल्पे, नेमच हाय ना?"

हो म्हणायला काय जात होतं? हो म्हटलं असतं तर ती समाधानाने घरी गेली असती. आणि नाही म्हटलं तर देवाचं सोंग ज्या घरात आहे त्या घराच्या पोरावर भुताळीने बोट ठेवलं, असं गाव म्हणणार. या वेळी सासूच्या कोयत्याने लोक थांबतीलच असं नाही. ज्या बाईने भर बोहाड्यात मला मारायला काढलं होतं तिच्यासाठी मी हे का करावं, असंही मनात आलं. दीपा पुढच्या खोलीत एकटीच गाणं म्हणत होती, तिचा आवाज येत होता.

"दात खातो का गं तो?" मी विचारलं.

सोनीमावशीने पदर तोंडावर धरला आणि ती पायरीवर बसली. मी राखेचे हात तसेच घेऊन तिच्याशेजारी बसले. म्हटलं, नेम नाही मावशी. उद्या पहिल्या एसटीने नाशिकला जाऊ. मी येते बरोबर, मला तिथली वाट माहीत आहे.

तिने पदराने डोळे पुसले. मग विचारलं, "गावाला काय सांगू?"

"सांग," मी म्हटलं, "भुताळीनं नेला."